मामांना दोन महिन्यांसाठी बारा बोअर बंदूक द्यायची आहे. दोघांकडेही परवाना आहे, तर कागदपत्रे कोणती लागतील?

बावडेकर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्या वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक त्यांच्या निधनानंतर वारस म्हणून रीतसर माझ्या परवान्यावर आली. परवाना कोल्हापूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असून त्याची मुदत अजून शिल्लक आहे. मी शहरात राहतो आणि बंदूक वर्षभर कुलपातच असते.

माझे मामा भुदरगड तालुक्यात शेती करतात. त्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, एक बंदूक आहे. तिच्या घोड्याची स्प्रिंग गेल्यामुळे ती दुरुस्तीला टाकली आहे आणि सुटा भाग मिळेपर्यंत दोन महिने लागतील, असे दुकानदाराने सांगितले आहे. ऊस तुटेपर्यंत रात्री रानात राखणीला जावेच लागते, म्हणून तेवढ्या काळापुरती माझी दुनळी मिळावी, अशी मामांची इच्छा आहे. वडील गेल्यावर मामांनीच आमचे घर सावरले, त्यामुळे त्यांना नाही म्हणणे मला फार जड जाते.

मामांच्या मते दोघांकडेही परवाना असल्याने पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केली की काम झाले. इंग्लंडमध्ये राहणारा माझा चुलतभाऊ सांगतो की, तिकडे शॉटगनचे प्रमाणपत्र असलेल्या दुसऱ्या माणसाला बहात्तर तासांपर्यंत बंदूक उसनी दिली तर पोलिसांना कळवावे लागत नाही, आणि त्याहून जास्त दिवस दिली तर सात दिवसांच्या आत कळवले की पुरते. आपल्याकडे अशी काही सोय आहे का? नोटरी केलेला कागद खरोखर पुरेसा आहे का?

जिल्हा न्यायालयातील वकील

बावडेकर, तुम्ही बंदूक देण्यापूर्वी विचारले हे फार बरे केले, कारण या बाबतीतले बहुतेक प्रश्न आमच्याकडे बंदूक देऊन झाल्यावर येतात. तुमच्या चुलतभावाने सांगितलेला नियम ब्रिटनपुरता खरा आहे. आपल्या कायद्यात तासांची किंवा दिवसांची अशी कोणतीही सवलत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील दोन व्याख्या एकमेकींशेजारी ठेवून वाचा. ‘हस्तांतरण’ या शब्दात भाड्याने देणे, उसने देणे, भेट देणे आणि ताबा सोडणे हे सारे येते. आणि ‘संपादन’ या शब्दात भाड्याने घेणे, उसने घेणे व भेट म्हणून स्वीकारणे येते. त्यामुळे तुम्ही मामांना दोन महिन्यांसाठी बंदूक दिलीत, तर कायद्याच्या लेखी तुम्ही ती हस्तांतरित केली आणि मामांनी ती संपादित केली. परत येणार आहे, पैसे घेतलेले नाहीत किंवा नाते रक्ताचे आहे, यापैकी कशानेही त्यात फरक पडत नाही.

आता देणाऱ्याची, म्हणजे तुमची बाजू पाहू. कलम ५ च्या पोटकलम (२) नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता किंवा हस्तांतरित करता येते आणि त्यासाठी विक्रेत्याचा परवाना लागत नाही. मात्र त्याला दोन अटी जोडलेल्या आहेत. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना तुमचा हस्तांतरणाचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता लेखी कळवावा लागतो. आणि तसे कळवल्यानंतर किमान ४५ दिवस उलटावे लागतात. न कळवता किंवा मुदतीपूर्वी शस्त्र दिले तर कलम २५(३) खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कळवणे तोंडी नको. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या, कारण ४५ दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे हे त्या शिक्क्यावरच ठरते.

घेणाऱ्याची बाजू याहून अवघड आहे आणि तुमच्या प्रकरणात खरी अडचण तिथेच आहे. परवाना आहे म्हणजे कोणतीही बंदूक बाळगता येते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो, आणि परवाना त्या नोंदलेल्या शस्त्राचा असतो. मामांच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. कलम १३ च्या पोटकलम (३) मध्ये पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीच्याच बंदुकीचा उल्लेख आहे. पिकाच्या रक्षणाला ती अपुरी पडते अशी प्राधिकाऱ्यांची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. म्हणजे तुमची दुनळी त्यांच्या हातात जाण्यापूर्वी त्यांनी स्वतः जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज करून ते शस्त्र आपल्या परवान्यावर चढवून घेतले पाहिजे. तशी नोंद नसताना ती त्यांच्याकडे सापडली, तर तो विनापरवाना ताबा ठरतो आणि त्याची शिक्षा वर सांगितलेल्या शिक्षेपेक्षा कितीतरी कठोर आहे. घेणारा पात्र आहे की नाही याची आधी खात्री न करता शस्त्र सोपवणे हा कलम २९ खाली तुमचाही स्वतंत्र अपराध होतो.

काडतुसांचाही विचार करा. मामांचा परवाना ठासणीच्या बंदुकीचा असल्याने त्यावर दारू आणि टोप्यांचे प्रमाण लिहिलेले असणार; बारा बोअरची काडतुसे त्यांना त्यावर घेता येणार नाहीत, आणि तुमच्याकडची शिल्लक काडतुसे देणे हेही हस्तांतरणच आहे.

राहिला नोटरीचा कागद. दोन व्यक्तींमधील करार म्हणून त्याला जे मोल असेल ते असो, पण परवाना प्राधिकाऱ्यांची जागा तो घेऊ शकत नाही. उलट, लेखी सूचना न देता बंदूक दिल्याचा तो तुमच्याच सहीचा पुरावा होईल.

गडहिंग्लजचा जुना परवानाधारक

वकीलसाहेबांनी सांगितलेले शब्दशः खरे आहे, हे मी आमच्या घरच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने त्याची एकनळी बंदूक आमच्या साडूंना ‘चार दिवसांसाठी’ दिली होती. साडूंकडेही स्वतःचा परवाना होता, म्हणून कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. चार दिवसांचे चार महिने झाले, मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि शस्त्रे जमा करण्याची नोटीस भावाच्या हाती पडली. साडू तेव्हा परगावी होते आणि बंदूक त्यांच्या कुलूपबंद घरात होती. भावाला पोलीस ठाण्यात परवाना घेऊन, पण बंदुकीविना उभे राहावे लागले. पुढे त्याचा परवाना निलंबित झाला आणि विभागीय आयुक्तांकडे अपील करण्यासाठी पुण्याला हेलपाटे घालावे लागले. त्या काळात आमच्या आईने जेवण सोडल्यासारखे केले होते, ते आठवले की अजून वाईट वाटते.

आपल्या भागात वडिलोपार्जित बंदुकीला सगळे ‘घराची बंदूक’ म्हणतात. खंडेनवमीला तिची पूजा सगळ्या भाऊबंदांनी मिळून करण्यात काहीच गैर नाही, परंतु परवान्यावर नाव एकाचेच असते, आणि जाब विचारला जातो तेव्हा त्या एकालाच विचारला जातो.

बावडेकर

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. मी स्वतः मामांबरोबर रानात गेलो आणि बंदूक माझ्या देखत त्यांनी वापरली, तर चालेल का? आणि सर्व नोंदी रीतसर करून बंदूक दिली, तर दोन महिन्यांनी परत घेताना पुन्हा काही करावे लागेल का?

जिल्हा न्यायालयातील वकील

पहिल्या शंकेचे मूळ कलम ३ च्या परंतुकात, म्हणजे त्या कलमाला जोडलेल्या अपवादात आहे, आणि ते बहुतेकांना अर्धवट ऐकून माहीत असते. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला शस्त्र वाहून नेता येते. पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. तुमची बंदूक मुलाने तुमच्या सहीचे पत्र घेऊन दुरुस्तीला नेली तर ती या परंतुकात बसते. मामांनी ती आपल्या पिकाच्या राखणीसाठी वापरणे हा मामांचा वापर आहे, आणि तुम्ही शेजारी उभे असलात तरी तो त्यात बसत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत माझे वाचन असे आहे की, परत करणे हेही ताबा सोडणेच असल्याने पुन्हा मामांनी लेखी कळवायचे, ४५ दिवस थांबायचे आणि बंदूक तुमच्या परवान्यावर पुन्हा चढवून घ्यायची. म्हणजे दोन महिन्यांच्या गरजेसाठी जाताना दीड महिना आणि येताना दीड महिना नुसता वाट पाहण्यात जाईल. कार्यालयात अर्जाला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. तोवर मामांची स्वतःची बंदूक दुरुस्त होऊन आलेली असेल. ही बंदूक तुम्हाला नकोच असेल आणि मामांना ती कायमची हवी असेल, तर हा सारा खटाटोप करण्यात अर्थ आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात; मामांकडे एकच असल्याने त्या मर्यादेची अडचण येणार नाही.

राधानगरीकर शेतकरी

एक बाब अजून कोणी मांडली नाही. मामांच्या रानात येते काय? भुदरगड, राधानगरी, आजरा या पट्ट्यात उसात घुसणारा प्राणी पुष्कळदा गवा असतो. गवा हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि त्या कायद्यात शिकार या शब्दात मारण्याचा नुसता प्रयत्नही येतो. पीक संरक्षणाचा शस्त्र परवाना म्हणजे गव्यावर बार टाकण्याची परवानगी नव्हे. अंधारात डुक्कर समजून टाकलेला बार गव्याला लागला तर ‘दिसले नाही’ हे म्हणणे टिकणे कठीण आहे.

शिवाय याच कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला वन्यजीव विभागाकडे आपली व शस्त्राची नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. दाजीपूरचे जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे. मामांचे गाव त्या दहा किलोमीटरमध्ये येते का, हे आधी पाहा. येत असेल तर परवान्यात दुनळी वाढवून मागताना वन विभागाचा प्रश्न निघण्याची शक्यता धरून चाला.

मी स्वतः गेली अनेक वर्षे बांधावर शेकोटी, डबे आणि मोठी बॅटरी यांवर रात्र काढतो. नुकसान झाले की उसाचे फोटो काढून लगेच वनरक्षकांना कळवतो, पंचनामा करून घेतो आणि भरपाईचा अर्ज करतो. रक्कम नुकसानीच्या मानाने थोडी असते आणि हाती पडायला वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. तरीही पंचनामा चुकवू नका.

बावडेकर

आज दुपारी मामांशी फोनवर सविस्तर बोललो आणि वकीलसाहेबांचे उत्तर त्यांना वाचून दाखवले. आधी ते थोडे नाराज झाले. आपल्याकडे बंदूक सापडली तर भाच्याचाही परवाना जाईल आणि त्याच्यावरही गुन्हा दाखल होईल, हे त्यांना माहीत नव्हते. ते कळल्यावर त्यांनीच विषय थांबवला. गाव दहा किलोमीटरच्या आत आहे की नाही, याची चौकशी ते वनपाल कार्यालयात करणार आहेत.

बंदूक माझ्याकडेच राहील. शनिवारी मी गावी जाऊन त्यांच्याबरोबर दोन रात्री राखणीला थांबणार आहे आणि येथून दोन चांगल्या बॅटऱ्या घेऊन जाणार आहे. सोमवारी परतताना दुरुस्तीच्या दुकानात जाऊन स्प्रिंग लवकर मिळवण्याविषयी दुकानदाराशी बोलेन, आणि मामांची बंदूक तेथे जमा असल्याची लेखी पावती त्यांनी घेतली आहे का, तेही पाहीन. ते विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते.