दत्तक भाटी (मादी मांजर), वजन ६ किलो ४०० ग्रॅम. कसं आणि किती वेगाने उतरवावं?

मनीमाऊ_डोंबिवली

दत्तक आलेली भाटी आहे. गावठी, वय अंदाजे ६, नसबंदी झालेली. घरी येऊन आठवडा झाला. आधीच्या घरी कोरड्या खाण्याची वाटी दिवसभर भरलेली असायची, वर दोन्ही वेळा म्हशीचं दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. पाठ पसरट झाली आहे आणि कमरेजवळ तिची जीभ पोचत नाही, तिथे केसांच्या गाठी झाल्या आहेत.

विचारायचं आहे ते असं: खाणं एकदम निम्मं करायचं का? आठवड्यातून एक दिवस लंघन चालेल का? घरात दुसरा बोका आहे, ३ किलो ८०० ग्रॅमचा, अगदी ठीक. त्याची वाटी कशी सांभाळायची? पाकिटावर कॅलरी छापलेल्या नाहीत, मग मोजायचं कशावरून?

काटेकोर

लंघन अजिबात नको आणि एकदम निम्मंही नको. त्याचं कारण खाली कुणीतरी नीट लिहीलच, मी क्रम सांगतो.

पहिले दोन आठवडे वजनाला हात लावू नका. दूध-पोळी तेवढी हळूहळू कमी करा. नव्या घरात मांजर आधीच बिचकलेलं असतं, पलंगाखाली बसून राहतं. त्यात खाणंही बदललं तर तोंड फिरवतं. आधीच्या घरचाच ब्रँड, तीच चव ठेवा. ती दिवसाला नेमकं किती ग्रॅम खाते ते मात्र लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया तोच आहे.

याच काळात डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्या: साखर, लिव्हर, किडनी. पोट मोठं दिसणं म्हणजे दर वेळी चरबीच असं नाही, पोटात पाणी झालं तरी ते मोठं दिसतं. साखर निघाली तर खाण्यातला प्रत्येक बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. इन्सुलिन चालू असताना खाणं घटवलं तर तोच डोस जड होतो आणि साखर धोकादायक खाली जाते.

आता वजन किती असायला हवं ते. स्वतःचा तळहात उलटा करा. हाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर मांजर ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर हडकुळं. तळव्याच्या गादीसारखं मऊ लागून हाडं शोधावी लागली तर जास्त वजन. मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल, चालताना हलणारी कातडीची पिशवी बहुतेक मांजरांना असते, ती मोजू नका. डॉक्टर ९ पैकी गुण देतात, त्यात ५ म्हणजे योग्य आणि वरचा प्रत्येक गुण ढोबळमानाने १० टक्के जादा. तुमच्या वर्णनावरून ही ९ वर असावी, म्हणजे ४० टक्के जादा. ६.४ भागिले १.४ केलं की साधारण ४.६ किलो येतं.

कॅलरीचं सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. ४.६ गुणिले ४.६ गुणिले ४.६, मग वर्गमूळाचं बटण दोनदा, मग गुणिले ७०. उत्तर २२० किलोकॅलरी. वजन उतरवायला याच्या ८० टक्के, म्हणजे दिवसाला १७६. हा आकडा हव्या असलेल्या वजनावरून काढायचा असतो. आजच्या ६.४ वरून काढला तर २२५ येतो आणि महिनोन्‌महिने काटा हलत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

१७६ वर पहिल्याच दिवशी उडी मारू नका. आज ती ३०० खात असेल तर दोन-तीन आठवड्यांत पायरी पायरीने खाली या.

वेग आठवड्याला १ टक्का, म्हणजे सुरुवातीला ६० ते ६५ ग्रॅम. अर्धा टक्काही चालतो. २ टक्क्यांच्या पुढे गेलं तर खाणं १० टक्के वाढवा, कारण मग चरबीबरोबर स्नायूही झडतात. या हिशेबाने ४.६ ला पोचायला सात-आठ महिने लागतील. वर मांडलेले आकडे हे सुरुवातीचे आहेत. खरं उत्तर दर आठवड्याचा काटा देतो.

यकृतावर_बोला

लंघनाबद्दल. 'भुकेला कोंडा' हे माणसांचं. मांजराला, त्यातही लठ्ठ मांजराला, ते लावायचं नाही.

खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी सोडतं आणि ती यकृताकडे जाते. मांजराचं यकृत एवढी चरबी एकदम हाताळू शकत नाही, ती पेशींमध्येच साचते आणि यकृत काम सोडतं. काही दिवसांच्या उपासात हे होऊ शकतं, आणि जितकं मांजर लठ्ठ तितका धोका मोठा. एकदा झालं की अन्नाचा वास आला तरी मळमळतं, म्हणून मांजर आणखी खात नाही. मग आठवडेच्या आठवडे नळीने भरवावं लागतं.

म्हणून नियम करून टाका. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. ४८ तासांपर्यंत थांबायचंच नाही. नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं दोन-तीन दिवस चाललं तरी तेच. कानाची आतली बाजू, हिरड्या आणि टाळू दिवसाच्या उजेडात बघत जा. पिवळसर झाक, लाळ, उलट्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा चुकतो, खिडकीशी न्या.

नवं खाणं देताना 'हेच खा, नाहीतर उपाशी राहा' असा हट्ट करू नये तो यासाठीच. खात नसेल तर जुनं परत द्या आणि आठवड्याने पुन्हा सुरुवात करा.

ग्रॅमवाली

पाकिटावर कॅलरी नसतील तर मागचा तक्ता वापरा. समजा प्रोटीन ३२, फॅट १०, फायबर ४, ओलावा १० टक्के लिहिलंय. राख (खनिजांचा भाग) लिहिलेली नसेल तर ८ धरा. सगळ्यांची बेरीज ६४, म्हणजे उरलेलं ३६ कार्ब. प्रोटीनला ३.५, फॅटला ८.५, कार्बला ३.५ ने गुणा: ११२ अधिक ८५ अधिक १२६. झाले १०० ग्रॅमला ३२३ किलोकॅलरी. तक्त्यात फॅट आणि प्रोटीन 'किमान' म्हणून छापतात, प्रत्यक्षात फॅट थोडं जास्तच असतं, म्हणून ३५० धरून चाला. १७६ किलोकॅलरी म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम.

हे ५० ग्रॅम स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरच मोजायचे. वाटीने किंवा पाकिटातल्या मापाने मोजलं की दाणे कधी शिगोशीग, कधी सपाट; ५ ग्रॅमचा फरक म्हणजे तिच्या दिवसाचा दहावा भाग. सकाळी एकदाच दिवसाचे ५० ग्रॅम डब्यात काढून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच डब्यातून द्यायचं. डबा रिकामा, दिवस संपला.

दुधाचा हिशेब बघा. म्हशीचं दूध १०० मिलीला साधारण १०० किलोकॅलरी. अर्धी वाटी, ५० मिली दिलं तरी ५० गेल्या, म्हणजे दिवसाच्या पाव हिश्श्याहून जास्त. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, शी पातळ होते. पोळीचा तर काहीच उपयोग नाही.

वरचा खाऊ १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १७ किलोकॅलरी. यात बसतं ते १० ग्रॅम उकडलेलं चिकन ब्रेस्ट, तेल-मीठ-कांदा-लसूण काही न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आमटीतला रस्साही द्यायचा नाही. सुकट, सुके बोंबील खारवलेले असतात, ते टाळा. आणि खाऊ दिला की तेवढं डब्यातून वजा करायचं, हे विसरतात.

नेहमीचंच खाणं नुसतं कमी करत नेलं तर कॅलरीबरोबर प्रोटीन, टॉरिन (मांजराला लागणारं अमिनो आम्ल), जीवनसत्त्वंही कमी होतात. इतकं वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून वजन कमी करण्यासाठी बनवलेलं खाणं घ्या. त्यात कॅलरी कमी आणि बाकीचं भरून काढलेलं असतं. घरी चिकन-भात शिजवून डाएट करू नका. टॉरिन कमी पडलं तर हृदय आणि डोळे दोन्हींवर परिणाम होतो.

निम्म्या कॅलरी ओल्या पाऊचमधून देता आल्या तर उत्तम. त्यात पाऊण भाग पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत ताटली भरलेली दिसते आणि पोटही. फक्त आपल्याकडच्या दमट हवेत ओलं उरलेलं तासाभरात उचला. बदल ७ ते १० दिवसांत: पाव नवं, मग निम्मं, मग पाऊण. चिकित्सक मांजराला तीन आठवडे द्या.

काटेकोर

काट्याचं राहिलं. माणसांच्या वजनकाट्यावर तिला कडेवर घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही, तो १०० ग्रॅमच्या पायरीने चालतो आणि तुम्हाला ६० ग्रॅम बघायचे आहेत. बाळाचा काटा किंवा बॅग लटकवून मोजायचा हुकवाला काटा घ्या, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. कॅरिअरसकट (मांजर न्यायच्या पेटीसकट) मोजा, मग रिकामा कॅरिअर मोजून वजा करा. आत ती वळली की आकडा वरखाली होतो, तो स्थिर होईपर्यंत थांबा, तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. आठवड्याचा एकच वार, सकाळच्या खाण्याआधी. रोज मोजू नका, मूत्राशय भरलेलं की रिकामं यानेच ५० ग्रॅम इकडेतिकडे होतात.

मनीमाऊ_डोंबिवली

दोन महिन्यांनी कळवते आहे. रक्त ठीक आलं. ६ आठवड्यांत ६.४ वरून ६.१२. पण शेवटचे दोन आठवडे काटा जागचा हलत नाही. आणि पहाटे साडेतीनला दाराशी ओरडत बसते.

यकृतावर_बोला

६ आठवड्यांत २८० ग्रॅम हे उत्तम आहे. अडकलं म्हणून लगेच खाणं कापू नका, आधी गळती शोधा. बोक्याची वाटी अजून उघडी आहे का? त्याचे १० ग्रॅम जरी तिने पळवले तरी ३५ किलोकॅलरी, तिच्या दिवसाचा पाचवा भाग. कामवाल्या मावशी, शेजारची मुलं, खालचे वॉचमनकाका, सगळ्यांना विचारा. लोक प्रेमानेच देतात, म्हणून सांगत नाहीत.

बोक्याला वेगळ्या खोलीत, दार लावून, २० मिनिटं, उरलेलं उचलायचं. खोली नसेल तर पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या खोक्याला फक्त तो जाईल एवढं भोक पाडा आणि वाटी आत, भोकापासून लांब ठेवा. उंच फळीचा उपाय आत्ता चालेल, पण ती हलकी झाली की तीही चढेल.

गळती नाही आणि तिसऱ्या आठवड्यातही काटा तिथेच, तरच ५ ते १० टक्के कमी करा, डॉक्टरांना सांगून.

ग्रॅमवाली

पहाटेच्या ओरडण्यासाठी: ५० ग्रॅमचे चारपाच भाग करा आणि सगळ्यात मोठा भाग रात्री तुम्ही झोपायच्या आधी. त्याच्या आधी दहा मिनिटं खेळवा. शिकार, मग जेवण, मग झोप, हा मांजराचा मूळ क्रम आहे. पहाटे उठून एकदा जरी दिलंत तरी ओरडणं पक्कं होतं. तसं असेल तर पाच वाजता उघडणारा टायमरचा फीडर लावा, म्हणजे ती फीडरकडे बघेल, तुमच्याकडे नाही.

एक भाग अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये टाका, एकेका खळग्यात दोन-तीन दाणे. पंज्याने उकरून काढायला वेळ लागतो. पाण्याच्या छोट्या बाटलीला दाण्याच्या दीडपट भोकं पाडून तीही ढकलायला देता येते. भोकांच्या कडा खरखरीत राहिल्या तर घासून घ्या.

खेळ दिवसातून दोनतीनदा, पाच-पाच मिनिटं, काठीला पीस बांधून जमिनीलगत फिरवायचं. इतक्या वजनाला उंच उड्या मारायला लावू नका, सांध्यांवर येतं. तोंड उघडं ठेवून धापा टाकल्या तर लगेच थांबा, आणि परत तसंच झालं तर हृदय तपासून घ्या. खेळ संपला की काठी-दोरा कपाटात. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडं गोळा होतं आणि ऑपरेशनच करावं लागतं.

कमरेच्या गाठी कात्रीने कापू नका, ओढलेली कातडी केसांबरोबर कात्रीत येते. ट्रिमरने काढून घ्या किंवा दवाखान्यात. लिटर ट्रेची (शी-शूच्या ट्रेची) एक कड खाली कापलेली असू द्या, म्हणजे तिला आत जाताना पोट घासणार नाही. आणि आता दर महिन्याला बरगड्यांसोबत पाठीच्या मणक्यावरूनही बोट फिरवत जा. पोट तसंच असून मणका टोचायला लागला तर वजन चरबीचं नाही, स्नायूचं उतरतंय, तेव्हा खाणं वाढवा आणि दाखवून या.