इलेक्ट्रॉन फुकट आहे म्हणून विषय संपला? कसा काय?

गोदाकाठ:
काल इथं कोणीतरी लिहिलं की डेस्कटॉप ॲप बनवताना एकट्या डेव्हलपरने क्यूटी या टूलकिटच्या (खिडक्या-बटणांचा तयार कोड) लायसनच्या भानगडीत पडू नये, वेबपेजसारखं ॲप बनवू देणारं इलेक्ट्रॉन फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, विषय संपला. रात्रभर डोक्यात तेच. माझी गिऱ्हाइकं खत-बियाण्यांची दुकानं, 4 जीबी रॅम, निम्म्यांकडे अजून विंडोज 7. इलेक्ट्रॉन 23 पासून त्यावर चालतच नाही, आणि बिल छापायला इलेक्ट्रॉनसोबत येणारं अख्खं क्रोमियम ब्राउझर कशाला पाहिजे? क्यूटी महाग हे पण अर्धवट आहे, 2009 ला आवृत्ती 4.5 पासून ते एलजीपीएल या फुकट लायसनवर पण आहे, डायनॅमिक लिंक करा (क्यूटीच्या फाइली ॲपपासून वेगळ्या ठेवा) आणि अटी पाळा, आपल्या ॲपचा सोर्स कोड द्यावा लागत नाही. पण क्यूटी 6 ला विंडोज 10 लागतं, म्हणून मी डब्ल्यूएक्सविजेट्स हे दुसरं फुकट टूलकिट धरलं. स्टॅटिक लिंक केलं, म्हणजे सगळं एकाच फाइलीत घातलं, तरी लायसन आडवं येत नाही, पेनड्राइव्हवर एकच फाइल नेतो.

जेएसवाला:
विंडोज 7 चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनेच जानेवारी 2020 ला बंद केला. त्यावर लोकांच्या उधारीचा हिशेब ठेवायला देता आणि वर आम्हाला शिकवता? व्हीएस कोड हा प्रोग्राम लिहायचा एडिटर इलेक्ट्रॉनवरच आहे, जगभर चालतो.

सांगलीकर:
व्हीएस कोडमागे किती माणसं आहेत आणि आपल्यामागे किती, ते बघा ना भाऊ. पण गोदाकाठ, क्यूटीचं तुम्ही फार सोपं करून सांगताय. आमच्या जुन्या कंपनीत फुकटचं पायक्यूटी (पायथनमधून क्यूटी) वापरून क्लोज्ड ॲप विकलं, पायक्यूटी जीपीएल आहे, म्हणजे ॲपचा सोर्स पण द्यावा लागतो, हे कोणी वाचलंच नव्हतं. क्लायंटच्या वकिलाने विचारलं तेव्हा पायसाइड या एलजीपीएलवाल्या पर्यायावर न्यायला तीन आठवडे गेले, त्यात आलेख काढायचं क्यूटी चार्ट्स पण जीपीएल निघालं, आलेख नव्याने लिहिले. ते रविवार मला कोणी परत देणार नाही.

वेलांटी:
लायसन राहू द्या, मराठी नीट दिसतं का ते आधी सांगा! लिनक्सवर टीके (Tk) या टूलकिटमध्ये माझी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर उमटायची. गिऱ्हाइकाचं नाव चुकीचं छापायचं असेल तर टूलकिट फुकट असून काय उपयोग?

गोदाकाठ:
डब्ल्यूएक्समध्ये टेक्स्टबॉक्स विंडोजचाच असतो, तिथे नीट दिसतं.

वेलांटी:
दिसतं हो, पण सापडतं का? "शेतकऱ्या" मधला ऱ्य काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, काही साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) घालून. स्क्रीनवर एकच दिसतं, सर्चमध्ये दोन वेगळे शब्द. एनएफसी (युनिकोडची अक्षरं एका रूपात आणायची पद्धत) केलं तरी एक होत नाहीत. एका पतसंस्थेत एकाच माणसाची दोन खाती निघाली, मॅनेजर माझ्यावर ओरडला.

जेएसवाला:
यात टूलकिटचा काय संबंध?? ब्राउझरमध्ये पण हेच होणार.

वेलांटी:
होणारच, म्हणून तर सांगतेय! सेव्ह करतानाच एक रूप करा. सगळे एक्झीच्या साइजवर भांडताय आणि डेटा सडतोय. आणि युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमधला डेटा युनिकोडमध्ये आणताना तर हे दुप्पट होतं.

सांगलीकर:
हे खरं आहे. आमच्याकडे पण तपासायला हवं.

जेएसवाला:
ठीक आहे, 4 जीबीच्या मशीनवर मी पण इलेक्ट्रॉन टाकणार नाही, एवढं मान्य. पण विंडोज 7 चं मान्य नाही. गिऱ्हाइकाला नवीन मशीन घ्यायला सांगा.

गोदाकाठ:
सांगतो ना, दर दिवाळीला सांगतो. कापसाचे पैसे आले की घेऊ म्हणतात. तोपर्यंत इंटरनेट काढून ठेवलंय आणि रोज संध्याकाळी बॅकअप पेनड्राइव्हवर.