मुंबईच्या किनाऱ्याला नवं सर्वेक्षण नको, जुनंच पुन्हा पुन्हा करा

सुकती (धागाकर्ती)
मुंबईत समुद्री जीवांची पाहणी होतच नाही असं नाही. प्रकल्प आला की होते. पूल, रस्ता, जेटी असं काही ठरलं की सल्लागार येतात, बहुतेक वेळा पावसाळा टाळून एका हंगामाचे नमुने घेतात, अहवालाला यादी जोडतात आणि जातात. पुढच्या प्रकल्पाचे सल्लागार दुसऱ्या खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात), दुसऱ्या पद्धतीने नवी यादी करतात. या दोन याद्या शेजारी ठेवून काय कळणार? एखादी समुद्री गोगलगाय दुसऱ्या यादीत नाही, ती संपली म्हणून, की त्या दिवशी भांगाची ओहोटी होती आणि खालचा खडक उघडाच पडला नाही म्हणून?

कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली. ती जगली का, हे सगळ्यांनी विचारलं. पण आसपासची न हलवलेली प्रवाळं त्याच काळात किती जगतात, किती मरतात हे माहीत नसेल तर मिळालेलं उत्तर ताडणार कशाशी?

माझी मागणी साधी आहे. गिरगाव, हाजी अली, कार्टर रोड, खारदांडा, जुहू आणि ठाण्याची खाडी इथे जागा पक्क्या करा. खडक असेल तिथे स्टीलचे खिळे ठोकून चौकटी कायमच्या आखा. वर्षातून चार वेळा, त्यातली एक फेरी पावसाळ्यात, उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पाणी सगळ्यात मागे जातं तेव्हा, त्याच चौकटीचा फोटो आणि तीच मोजणी. नमुने तारखेसह जपून ठेवा. निदान वीस वर्षं.

नमुने कशाला जपायचे, त्याचं उदाहरण देते. ब्रिटनमध्ये १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे एक यंत्र ओढलं जातंय. त्यातल्या रेशमी पट्टीवर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) अडकतं, आणि या पट्ट्या जपून ठेवल्या जातात. जुन्या पट्ट्या पुन्हा तपासून २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की १९६० च्या दशकापासून समुद्रातलं सूक्ष्म प्लास्टिक वाढत गेलंय. पट्ट्या जपणाऱ्यांच्या डोक्यात प्लास्टिक नव्हतंच.

डिजिटल दादरकर
खिळे आणि चौकटी? आता ई-डीएनए आहे. बाटलीभर पाणी घ्या, गाळा, प्रयोगशाळेत द्या. जीवांनी पाण्यात सोडलेल्या पेशींवरून कोण कोण आहे ते कळतं. चिखलात लोळायची गरज नाही, आणि माणूस बदलला तरी निकाल तोच.

नमुनेदार
@डिजिटल दादरकर, मुंबईच्या पाण्यात तुमच्या बाटलीला काय काय सापडेल याचा विचार केलात का? ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर दूरच्या समुद्रातली मासळी उतरते, तिचं धुवणं तिथेच पाण्यात जातं. घराघरांतलं बासाचं धुवण गटारातून खाडीत येतं. उद्या माहीमच्या खाडीत व्हिएतनामचा मासा नांदतो असा निकाल आला तर पेपरात बातमी कराल? शिवाय भरती पेशी कुठून कुठे नेते ते वेगळंच. आणि ज्या जीवाचा डीएनए संदर्भसंग्रहातच नाही त्याचं नाव यंत्र कुठून सांगणार? जोडीला ठेवा, हरकत नाही. पण चौकटीत काल चाळीस कालवं होती आणि आज बारा आहेत, हे बाटली सांगत नाही.

शिस्तप्रिय
आणखी एक गैरसमज आधीच काढतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनारफेऱ्या २०१७ पासून चालू आहेत, लोकांनी हजारो फोटो चढवलेत, मग वेगळं काय हवं, असं कुणीतरी म्हणणारच. ते काम मला आवडतं. जुहूला एवढं काही जिवंत आहे हे शहराला त्यांनीच दाखवलं. पण त्या फोटोंच्या नकाशावर माणसं कुठे चालली ते दिसतं. रंगीत गोगलगाईचे पन्नास फोटो असतात, चिखलातल्या अळीचा एकही नाही. 'दिसला नाही' याची नोंद कुणीच करत नाही, आणि घट ओळखायची तर तीच नोंद लागते.

सुकती
@शिस्तप्रिय, आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. दर जानेवारीला, बहुतांशी हौशी माणसांच्या जोरावर. ठरलेली जागा आणि ठरलेला काळ दिला की हौशी माणूसही शिस्तीत मोजतो.

शिस्तप्रिय
फ्लेमिंगो चार फूट उंच आणि गुलाबी असतो हो. शेवाळाखालच्या स्पंजची जात ओळखायला आयुष्य घालवलेला माणूस लागतो, आणि अशी माणसं निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कुणी येत नाही, कारण संशोधनाचा निधी तीन वर्षांचा असतो आणि 'मागच्या वर्षी मोजलं तेच पुन्हा मोजलं' या कामावर कुणाला बढती मिळत नाही. खिळे स्वस्त आहेत. पगाराचं बोला.

वेसावकर
ताई, तुमच्या सहा जागांत एकही कोळीवाडा विचारून घेतलेला दिसत नाही. खारदांड्याच्या खडपावर आजही बाया कालवं काढतात. तुमची चौकट मधोमध आली तर तिथे हात लावायचा नाही, असा बोर्ड लागणार का?

मोजणीचा आम्हाला अनुभव आहे. धक्क्यावर येऊन आमची मासळी मोजतात, मग नियमही आमच्यावरच येतात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पिल्लं मारू नयेत हे आम्हालाही कळतं. पण मासळी घटली की पहिलं बोट जाळ्याकडे, सांडपाण्याकडे आणि भरावाकडे कधी बोट जातं? आणि वरळीला क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी कोस्टल रोडच्या खांबांतलं अंतर ६० चं १२० मीटर झालं ते कुठल्या आकडेवारीमुळे नाही झालं. बोटी आडव्या घातल्या म्हणून झालं.

नमुनेदार
दादा, सांडपाण्याकडे बोट दाखवायचं तर जाळ्याबाहेरचे आकडे लागतात, आणि आज ते नाहीत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था १९४७ पासूनची. धक्क्यावर उतरलेल्या मासळीची तिची मालिका अनेक दशकांची आहे, देशात तशी दुसरी क्वचितच. पण ससून डॉकला उतरलेला मासा रत्नागिरीकडचा की गुजरातकडचा? मुंबईच्या पाण्यात काय घडतंय ते त्यातून वेगळं काढणं कठीण.

म्हणून मला धागाकर्तीच्या खडपांपेक्षा तुमची डोल जास्त महत्त्वाची वाटते. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, ते एका जागी खुंटाला बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने भरतं. बोंबील, मांदेली, जवळा, विकायला न जाणारं बारीकसारीक, सगळं येतं. जागा तीच, जाळं तेच, प्रवाहही तोच. शास्त्रज्ञाला आणखी काय हवं? आठवड्यातून एका डोलीतला एक टोप पूर्ण निवडून मोजायचा. वेसावे (वर्सोवा), मढ, गोराई इथून अशी वीस वर्षांची वही झाली तर पुढच्या प्रकल्पात नुकसानभरपाई मागताना ती तुमच्याच हातात असेल.

डिजिटल दादरकर
ॲप करता येईल की.

वेसावकर
@डिजिटल दादरकर, ओल्या हाताने?

@नमुनेदार, डोलीचं बोललात ते पटण्यासारखं आहे. पण पकड दर वर्षी सारखी नसते. जाळ्याचा आस (जाळीच्या छिद्राचा आकार) बदलतो, डिझेल महागलं की फेऱ्या घटतात, ते लिहिणार का? शिवाय १ जून ते ३१ जुलै बंदी, यांत्रिक बोटी शाकारलेल्या. खाडीला गोडं पाणी येतं ते याच दिवसांत.

सुकती
जाळ्याचा आस आणि ओढीचे तास टोपाबरोबरच लिहायचे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. बंदीच्या काळात संस्थेची होडी खास परवानगीने त्याच खुंटावर जाऊ शकते. वेसाव्यातच मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. आणि खडपावर बोर्ड नको, हे मान्य. कालवं काढली तर काढली म्हणून नोंद व्हायला हवी. माणूस वगळून मुंबईचा किनारा मोजताच येत नाही.

शिस्तप्रिय
पगार अजून बाकी आहे. माझं मत: किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाने मंजुरीच्या वेळीच ठराविक रक्कम एका समाईक निधीत टाकावी आणि तो निधी प्रकल्पवाल्याच्या ताब्यात नसावा. आपला अहवाल आपणच नेमलेल्या माणसाकडून, हा प्रकार बंद झाल्याशिवाय वीस काय, पन्नास वर्षं मोजलंत तरी विश्वास कोण ठेवणार?

वेसावकर
टोप निवडायला बसणाऱ्या बाईला मजुरी, मानधन नव्हे. आकडे आधी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, मग तुमच्या संगणकात. आणि खुंटांच्या जागा नकाशावर छापायच्या नाहीत, तिथे उद्या कोण जेटी टाकेल सांगता येत नाही. एवढं कागदावर आणा, मग मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतो. होकार देतील असं मात्र मी म्हणत नाही.