'वसाहतकालीन' म्हणजे कुठल्या वसाहतीतलं?

माडाखालून: परवा पणजीला जाऊन आलो. फोंतेन्हासच्या गल्ल्यांवर थोडं लिहिलं: पिवळ्या-निळ्या भिंती, कौलं, शिंपल्यांची तावदानं, दारापुढचे व्हरांडे. ओघात 'वसाहतकालीन घरे' असंही लिहून गेलो. सावंतवाडीच्या आतेला वाचून दाखवलं, तर म्हणते, "खंयची वसाहत रे? कुडाळची एमआयडीसी?" तेव्हापासून अडलोय. दुसरा शब्द सुचवा.

ओटीवरची: आतेचं बरोबर आहे. आपल्याकडे वसाहत म्हणजे औद्योगिक नाहीतर शिक्षक वसाहत. सरळ 'इंग्रजकालीन' लिहा.

चिरेखाण: गोव्यात इंग्रज कुठून आणलेत? १५१० ते १९६१ पोर्तुगीज होते तिथे. आणि आमच्या वेंगुर्ल्यात डच वखार. (लहानपणी मला वाटायचं, डच लोक लाकडं विकत असतील.)

ओटीवरची: बरं, मग 'पारतंत्र्यकालीन'.

चिरेखाण: पारतंत्र्यकालीन खिडकी! खिडकीने काय केलंय?

रत्नांग्री: आमच्या थिबा पॅलेसला काय म्हणाल? इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या राजाला पकडून आणलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधला, १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. कैद्याचं घर, तरी नाव पॅलेस. पाहुण्यांसाठी रिक्षावाल्याला 'थिबा राजवाडा' म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. 'पॅलेस' म्हटल्यावर मीटर टाकला.

शुद्धमती: हाच तर रोग आहे. मूळ लेखातला 'व्हरांडा'सुद्धा खटकला. 'पडवी' असताना व्हरांडा कशाला?

चिरेखाण: पडवी वेगळी हो. घराच्या कडेने उतरतं छप्पर खाली ओढून काढतात ती पडवी. आमच्या पडवीत जातं, उखळ आणि पावसाळ्याची लाकडं. गोव्यात दारापुढे बसायला बांधीव बाकांचा सोपा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला, त्याला तिथले 'बाल्कांव' म्हणतात. तिथे उखळ ठेवून बघा.

शुद्धमती: मग ओटी म्हणा. परका शब्द नको, एवढंच.

रत्नांग्री: पगार, चावी, बटाटा सगळे पोर्तुगीजांकडूनच आले. पगार परत करणार का?

ओटीवरची: ओटीला झोपाळा लागतो. बाल्कांवात झोपाळा पाहिलाय कुणी?

शुद्धमती: आमच्या आजोळी ओटीला झोपाळा नव्हता. तरी ती ओटीच होती.

चिरेखाण: मग ती ओसरी असेल.

माडाखालून: अहो, 'वसाहतकालीन'चं राहिलंच की!

रत्नांग्री: तुमची आते काय म्हणते त्या घरांना?

माडाखालून: विचारलं. "फिरंग्यांच्या येळची घरां."

रत्नांग्री: मग झालं! तेच लिहा.

शुद्धमती: 'फिरंगी' फारसीतून आलाय.

चिरेखाण: आणि ओसरी आत असते की बाहेर, ते कोण सांगणार?