अ‍ॅजिलिटी म्हणजे चपळता, मग रिस्पॉन्सिव्हनेस म्हणजे?

भोसरीवाला: प्रशिक्षणाच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. पुरवठा साखळीत अ‍ॅजिलिटी आणि रिस्पॉन्सिव्हनेस असेल तर कारखान्याची कामगिरी सुधारते, असं वाक्य आहे. मी 'चपळता' आणि 'प्रतिसादक्षमता' लिहिलं. काल वर्गात स्टोअरमधल्या एकाने विचारलं, "सर, लगेच माल दिला म्हणजे चपळच की. दोन शब्द कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

टूलरूम: गिऱ्हाइकाने मंगळवारी ऑर्डर बदलली आणि शुक्रवारी नवा माल त्याच्या दारात, हा रिस्पॉन्सिव्हनेस. तो बाहेरून दिसतो. त्यासाठी प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, दहा मिनिटांत बदलता येणं, दुसरा पुरवठादार तयार असणं, ही आतली अ‍ॅजिलिटी. गोदाम भरून ठेवलं तर चपळ नसतानाही माल लगेच देता येतो. पण पैसा अडकतो, आणि डिझाइन बदललं की तो माल भंगारात.

मोडीप्रेमी: 'चपळ' नको. संस्कृतात चपल म्हणजे चंचलसुद्धा. चंचल पुरवठादार कोणाला हवाय? 'लवणे'वरून 'लवचीक' घ्या.

टूलरूम: वेतही लवचीक असतो, पण तो धावत नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये जपानात आयसिनचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकच्या एका प्रकारच्या जवळपास सगळ्या झडपा तिथूनच येत आणि साठा काही तासांचाच. लाइन उभी राहिली. मग इतर पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर झडपा काढल्या, शिवणयंत्रं बनवणाऱ्या ब्रदरनेही. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. याला नुसतं लवचीक म्हणायचं?

कसबा: रिस्पॉन्सिव्हनेसला 'हजरजबाबीपणा' का नको? वर्गात लगेच कळेल.

मोडीप्रेमी: हजर अरबी, जबाब अरबी. 'प्रतिसाद' हा आपला शब्द असताना?

कसबा: 'कारखाना' फारसी आहे, तोही काढणार का? आणि तुमचा 'साद' म्हणजे 'शब्द'च, प्राकृत 'सद्द'वरून आलेला. 'प्रतिशब्द'चा झाला 'पडसाद'. 'प्रति' मात्र संस्कृतच ठेवून 'प्रतिसाद' केलाय.

भोसरीवाला: परवा पुस्तिका छापायला जायची आहे. 'तत्परता' चालेल?

मोडीप्रेमी: कसबा, मुद्दा मान्य. पण मग प्रतिसाद चांगल्या गोष्टीला मिळतो आणि पडसाद वाईटाचेच उमटतात, असं का झालं?

कसबा: ते बातम्यांमुळे. भोरला आजोळी आम्ही डोंगराकडे तोंड करून हाक मारायचो. परत यायचा त्याला आजी पडसादच म्हणायची.