मदत हवी आहे: व्हायोलिनवर जॅझचे नाइन्थ-थर्टीन्थ कॉर्ड

मंडळी नमस्कार. मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजारात राहतो. हिंदुस्थानी व्हायोलिन बरंच वाजवलंय, सा-प-सा-प मिळवून, मांडी घालून. हल्ली एका गिटारवाल्या मित्राबरोबर जॅझचा नाद लागलाय, त्यासाठी दुसरं व्हायोलिन पाश्चात्य स्वरांत जी-डी-ए-ई असं लावलंय.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे स्वर; नाइन्थ-थर्टीन्थमध्ये मूळ स्वरापासून मोजलेला नववा-तेरावा स्वरही येतो. थर्टीन्थमध्ये स्वर सहा-सात, तारा चार, आणि गज नीट टिकतो दोनच तारांवर. तिसरी घ्यायची तर जोर देऊन क्षणभर. म्हणून मूळ स्वर गिटारवर सोडून मी फक्त तिसरा आणि सातवा धरतो. डी मायनर नाइन्थला डी तारेवर एफ, ए तारेवर सी. जी थर्टीन्थला एफ तसाच, सीचा बी होतो. सी मेजर सेवन्थला ई आणि बी. वरची मोकळी ई तिन्हीकडे चालते: आधी नववा, मग तेरावा, मग तिसरा. काय सुंदर जमतं हे!

अडतंय ते इथे. एफ-सी एकाच बोटाने दोन्ही तारा दाबून घ्यावे लागतात. सी सुरात आला की एफ हमखास उतरतो. बोट आडवं करायचं की कोपर आत घ्यायचं?

दुसरं, ई-फ्लॅटच्या (ईच्या अर्धा स्वर खालच्या) पट्टीत मोकळी ई सरळ टोचते. तिथे नववा-तेरावा कुठून काढता? की कॉर्ड सोडून स्वर एकामागून एक फोडायचे?

वडोदऱ्यात किंवा ऑनलाइन कुणी मराठीत शिकवणारं असेल तर जरूर सांगा. ‘आधी पियानो शिक’ एवढं मात्र नको, घरात जागा नाही.