ट्रेलरला मागून धडक, बॉनेटची घडी, पण एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनीशी भांडावं का?

घाटवाटा: दादाची गाडी परवा पहाटे एक्सप्रेस-वेवर खोपोलीजवळ एका ट्रेलरच्या मागे घुसली. बॉनेट गेलं, काच फुटली, बॅगा मात्र जागच्या जागी. बेल्ट होता म्हणून खांद्यावर काळानिळा वळ आणि कपाळाला चार टाके, एवढ्यावर निभावलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "सेन्सरला मार लागला नाही." पुढचं सगळं चेपलंय आणि मार नाही? वहिनी ग्राहक मंचात जायला निघाली आहे. काय करावं?

पाना_पक्कड: बंपर ट्रेलरच्या खालून गेला ना? तिथेच गोम आहे. एअरबॅगचं युनिट पत्रा किती चेपला ते बघत नाही, वेग किती झटकन उतरला ते बघतं. बॉनेट मऊ असतं, चेपत चेपत आत जातं, झटका उशिरा बसतो. घट्ट भिंतीवर पंचविशीच्या वेगाने आपटलात तरी बॅग उघडू शकते, ट्रकखाली त्याच्या दुप्पट वेगातही कदाचित नाही. मागून ठोकर बसली किंवा गाडी उलटली तरी पुढच्या बॅगा बहुधा गप्पच राहतात.

मीनल_त: पुढे स्टीलचा गार्ड होता का? डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, तरी लोक हौसेने लावतात आणि सेन्सरचं गणित बिघडवतात.

कोर्टाचीपायरी: एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एअरबॅगच्या अशाच प्रकरणात ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम ठेवलाय. धडक पुरेशी जोराची नव्हती, हे कंपनीचं म्हणणं चाललं नाही. वेगाचं आणि जोराचं गणित मांडायला गिऱ्हाईक काही फिजिक्सचा तज्ज्ञ नसतो, असं कोर्टाने सुनावलं. तेव्हा वहिनींना अडवू नका, पण आधी कागद जमवा.

घाटवाटा: गार्ड नव्हता. गाडी सेकंडहँड आहे, २०२१ ला एका एजंटकडून घेतली. आणि हो, दादा म्हणतो एअरबॅगचा दिवा कधी लागलाच नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार.

पाना_पक्कड: अरे थांब! चावी फिरवली की तो दिवा लागलाच पाहिजे, आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. कधीच लागत नसेल तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. आधीच्या अपघातात उघडलेल्या बॅगा परत न बसवता वर नुसतं कव्हर चिकटवून गाडी विकणारे महाभाग मी पाहिलेत. तसं निघालं तर भांडण कंपनीशी नाही, एजंटशी. कामाला गाडी देऊ नकोस. आधी एअरबॅग युनिटचा स्कॅन रिपोर्ट छापून घे, त्यात नोंदलेले बिघाडाचे एरर कोड पुसू देऊ नकोस. स्टीअरिंग विम्याच्या सर्व्हेअरसमोरच उघडायला लाव, आणि तेही शिकलेल्या माणसाकडून. आत बॅग असलीच तर तिच्यात बार भरलेला असतो.

मीनल_त: चेसिस नंबर देऊन जुनी सर्व्हिस हिस्ट्री आणि क्लेमही काढ.

घाटवाटा: सर्व्हेअर उद्या ११ ला येतोय. दादाला आत्ताच फोन करून सांगितलं, तोवर चावी कुणाला देऊ नकोस.